बर्फातला पाय, मैदानातला बूट

देवळाली कॅम्पात बर्फ पडत नाही. शेजारच्या निफाडात पारा पाच अंशांखाली उतरला की वर्तमानपत्रांत हुडहुडीचे मथळे येतात, द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि लॅम रोडवर फिरायला निघालेली मंडळी कानटोप्या घालून दिसतात. एवढीच आमची थंडी. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम दोन हजार फुटांवर. तरीही या छावणीच्या बाजारात बर्फात चालण्याच्या बुटांविषयी जाणकारीने बोलणारी माणसे मला नेहमी भेटत आली आहेत. कुणी लेहला तीन वर्षे काढलेली, कुणाचा मुलगा सध्या द्रासला, कुणाचे वडील बासष्टला नेफात होते. तोफखान्याची शाळा इथे आहे. तोफ चालवायला माणूस इथे शिकतो आणि ती चालवायला हिमालयात जातो. काळ्या कातळावरची ही छावणी बर्फाशी अशी बांधली गेली आहे.

या लेखाचा विषय साधा आहे: बर्फात घालायचा बूट कसा निवडावा, आणि तो आजवर कुणी निवडला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने बरेचसे दिले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो तेव्हा मला दिसले की गेल्या पावणेदोनशे वर्षांत बर्फात गारठलेल्या पायांची कहाणी ही बहुतेक वेळा अज्ञानाची कहाणी नाही. काय घालावे हे त्या त्या वेळी कुणाला ना कुणाला ठाऊक होते. पण ज्याला ठाऊक होते त्याच्या हाती निवड नव्हती, आणि ज्याच्या हाती निवड होती त्याचे पाय कोरडे आणि उबदार होते.

एकच शब्द, दोन शत्रू

आधी भाषेपासून सुरुवात करू. मराठीत बोलताना आपण आकाशातून भुरभुरणाऱ्या हिमालाही बर्फ म्हणतो आणि रसवंतीगृहातल्या लादीलाही बर्फच म्हणतो. हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत मात्र ‘बर्फ’ म्हणजे पडणारे हिम. गोठलेल्या पाण्याला तिथे ‘यख’ असा वेगळा शब्द आहे. आपल्याला दोन शब्दांची गरज कधी पडली नाही, कारण आपल्या दारात दोन्ही नव्हते. बुटाला मात्र हा फरक फार महत्त्वाचा आहे.

भुसभुशीत हिमात पाय रुततो. तिथे बूट उंच हवा, वरून हिम आत जाऊ नये आणि आत गेलेले वितळून मोजा भिजू नये. तळाला खोल खाचा असल्या की त्या हिमात रुतून पकड देतात. गोठलेल्या कठीण बर्फावर मात्र या खाचांचा फारसा उपयोग होत नाही. बर्फाच्या पृष्ठभागावर पाण्यासारखा वागणारा एक अतिसूक्ष्म थर असतो. शून्य अंशाच्या आसपास तो जाड होतो, म्हणून वितळू लागलेला बर्फ कडाक्याच्या थंडीतल्या बर्फापेक्षा अधिक निसरडा असतो. तिथे मऊ राहणारे रबर काही प्रमाणात धरते, आणि खऱ्या उतारावर तर धातूचे दातच लागतात. साधे रबर कडक थंडीत टणक होते. सह्याद्रीच्या ओल्या कातळावर उत्तम धरणारा बूट म्हणूनच मनालीच्या गोठलेल्या रस्त्यावर दगा देऊ शकतो.

दुसरी गोष्ट ऊब. बूट स्वतः ऊब निर्माण करत नाही. पायाची ऊब तो धरून ठेवतो. ती धरते बुटातली स्थिर, कोरडी हवा. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, म्हणून ओला मोजा हा बर्फातला सर्वांत मोठा वैरी. आणि ओल बाहेरूनच येते असे नाही, घामाचीही येते. तिसरी गोष्ट रक्ताभिसरण. थंडी वाटते म्हणून मापाच्या बुटात दुसरा जाड मोजा कोंबला तर हवा दबते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि पाय अधिकच गारठतो. चौथी गोष्ट धातू. तळातून आरपार गेलेला लोखंडी खिळा पायातली ऊब जमिनीत पोहोचवणारा जणू नळच असतो.

कोरडा, मोकळा, आरपार धातू नसलेला आणि समोरच्या बर्फाच्या जातीला साजेशी पकड असलेला: चांगल्या बुटाची व्याख्या एवढ्यात संपते. आता इतिहासाकडे वळू.

काबूल, १८४२

६ जानेवारी १८४२ रोजी इंग्रजांची फौज काबूलहून जलालाबादकडे माघारी निघाली. सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बाराएक हजार बाजारबुणगे. सैनिकांतले बहुसंख्य हिंदुस्थानी शिपाई होते. आठवड्याभरात ही फौज नाहीशी झाली. शाळेच्या पुस्तकांत आपण अफगाणांच्या गोळ्यांविषयी आणि जलालाबादला पोहोचलेल्या डॉक्टर ब्रायडनविषयी वाचतो. पण पहिल्याच रात्री अनेक शिपायांचे पाय निकामी झाले होते, हे त्या मोहिमेच्या वृत्तांतांत नोंदलेले आहे. निकामी पायाच्या माणसाला मारायला गोळीची गरज पडत नाही.

याच वृत्तांतांत एक छोटी नोंद आहे. मेजर एल्ड्रेड पॉटिंजर हा अफगाणिस्तानात बराच काळ वावरलेला अधिकारी. निघण्यापूर्वी त्याने आग्रह धरला होता की घोड्यांच्या जुन्या झुली फाडून त्यांच्या पट्ट्या कराव्यात आणि शिपायांनी त्या पायांभोवती, घोट्यांभोवती गुंडाळाव्यात. बर्फ पडू लागला की प्रत्येक अफगाण हेच करतो, असे त्याचे म्हणणे होते. लष्करी चामडी बुटापेक्षा या चिंध्या अधिक उपयोगाच्या ठरतील, हे त्याने वारंवार सांगितले. कुणी ऐकले नाही. झुली तिथेच होत्या, सुऱ्या तिथेच होत्या, एका संध्याकाळचे काम होते.

पानिपतावर १७६०-६१ च्या हिवाळ्यात मराठी फौज थंडीने कशी बेजार झाली हे मराठी वाचकाला सांगायला नको. तिथे बर्फ नव्हता; उत्तरेतल्या पौषाची रात्र आणि दक्षिणेकडून नेलेली वस्त्रे एवढेच पुरले. काबूलची गोष्ट त्याहून बोचरी आहे, कारण तिथे उपाय छावणीतच पडून होता.

पुढे काय झाले ते पाहा. हिमालयाच्या परिसरात पोटरीला पट्टी गुंडाळण्याची ही पद्धत इंग्रजी फौजेने सीमेवर पाहिली, हळूहळू उचलली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती सरकारी पोशाखाचा भाग झाली. इंग्रजी कोशातला ‘पटी’ हा शब्द म्हणजे आपली पट्टीच. पॉटिंजरची चिंधी अशी साठ वर्षांनी गणवेशात आली. पण येताना तिचे रूप बदलले. चिंधी पावलाभोवती सैल गुंडाळायची होती. गणवेशातली पट्टी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, दिसायला नीटनेटकी, घट्ट आवळलेली. या फरकाची किंमत १९१४ मध्ये मोजावी लागली.

नाल ठोकलेला बूट

देवळालीची छावणी १८६० च्या दशकातली. विलायतेहून मुंबईला उतरलेले गोरे सैनिक इथे थांबून पुढे पाठवले जात आणि मुदत संपलेले सैनिक परतीच्या जहाजाची वाट पाहत इथेच बसत. जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत; ज्याचे जहाज चुकले तो पुढच्या हिवाळ्यापर्यंत अडकला. त्या रिकाम्या, तापट महिन्यांत डोके फिरलेल्यांमुळे ‘डूलाली टॅप’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत गेला. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. विलायतेच्या हिवाळ्यातून आलेला माणूस आणि विलायतेच्या हिवाळ्यात परतणारा माणूस अशा दोघांची गाठ या माळावर पडत असे.

दोघांच्याही पायांत एकाच जातीचा बूट असे. त्याला अ‍ॅम्युनिशन बूट म्हणत. दारूगोळ्याशी त्याचा संबंध एवढाच की ही खरेदी पूर्वी दारूगोळा खात्याच्या अखत्यारीत होती. जाड चामड्याचा तळ, तळावर ओळीने ठोकलेले टोकदार डोक्यांचे खिळे, टाचेला घोड्याच्या नालेसारखी लोखंडी नाल, पुढे लोखंडी पत्रा. या बुटाच्या मागे मोठा उद्योग उभा होता. कानपूरला सरकारी चामडे कारखाना आणि कूपर अ‍ॅलन कंपनी. मुंबईत सर आदमजी पीरभॉय यांनी १८८७ मध्ये धारावीत उभारलेला लष्करी बुटांचा आणि चामडी सामानाचा कारखाना. आज धारावी म्हटले की चामड्याच्या पिशव्या आणि पाकिटे आठवतात. त्या धंद्याच्या जुन्या मुळांतले एक मूळ शिपायाच्या पायापर्यंत जाते.

हा बूट वाईट नव्हता. मुरमाच्या रस्त्यावर, डोंगरी पायवाटेवर, दिवसाला वीस मैल चालणाऱ्या माणसाला तो वर्षभर पुरे. खिळ्यांमुळे चामडी तळ झिजत नसे, चिखलात पकड मिळे. संचलनाच्या मैदानावर शंभर टाचा एकदम पडल्या की जो आवाज उठतो तो देवळालीतल्या पोराटोरांनाही पाठ असतो. तो नालेचाच आवाज. पण बर्फावर हाच बूट उलटतो. खिळ्यांमधून पायाची ऊब जाते. खिळ्यांभोवती हिमाचे गोळे चिकटतात आणि माणूस गोट्यांवर चालल्यासारखा डगमगतो. चामडे पाणी पिते, रात्री गोठते आणि सकाळी लाकडासारखे कडक होते.

एव्हरेस्टवर १९२४ मध्ये नाहीसा झालेला जॉर्ज मॅलरी १९९९ मध्ये सापडला तेव्हा त्याच्या पायात असाच खिळे मारलेला चामडी बूट होता. गिर्यारोहकांच्या जगात या खिळ्याला पर्याय एका अपघातातून आला. १९३५ मध्ये इटलीतल्या पुंता राझिका शिखरावर वादळात सहा जण मेले. खिळ्यांचे जड बूट खाली ठेवून ते चढाईसाठी हलके, मऊ तळाचे जोडे घालून वर गेले होते. ते थंडीत निरुपयोगी ठरले. त्यांचा सोबती व्हिताले ब्रामानी याने दोन्ही कामे करील असा खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच्या नावावरून आलेले व्हिब्रम हे नाव आज जगभरच्या बुटांखाली छापलेले असते. फौजांच्या पायांखालचे खिळे मात्र पुढची वीसेक वर्षे तसेच राहिले.

फ्रान्सचा चिखल

सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस हिंदी फौज मार्सेय बंदरात उतरली. अंगावर उष्ण प्रदेशातला पातळ खाकी गणवेश. त्यांत खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. या पलटणीत मराठे मोठ्या संख्येने होते. २८ ऑक्टोबरला नव शापेल गावावरच्या हल्ल्यात या दोन कंपन्यांची भयंकर हानी झाली. ती गोळ्यांनी केली. नंतरची हानी पाण्याने केली.

फ्लँडर्सच्या खंदकांत त्या हिवाळ्यात गुडघाभर बर्फाळ पाणी असे. तापमान शून्याच्या थोडे वर, थोडे खाली. पाय गोठत नव्हते, पण दिवसचे दिवस ओले आणि गार राहत होते. आधी बधिर, मग सुजलेले, मग निळसर, मग काळे. याला पुढे ‘ट्रेंच फूट’ हे नाव पडले. १९१४-१५ च्या पहिल्या हिवाळ्यात ब्रिटिश फौजेत याचे वीस हजारांहून अधिक रुग्ण झाले. हिमदंशाला शून्याखालचे तापमान लागते. या रोगाला तेवढीही थंडी लागत नाही. ओल आणि आवळलेला पाय पुरतो. पाय आवळत होता तो बूट, आणि त्याच्यावर घट्ट गुंडाळलेली, भिजून आणखी आवळलेली पट्टी.

मला या प्रकरणात सर्वांत उद्बोधक वाटतो तो उपाय. नवा बूट आला म्हणून रोग आटोक्यात आला असे घडले नाही. आदेश निघाले: पट्टी सैल बांधा, दिवसातून एकदा तरी बूट काढा, पाय पुसा, चोळा, देवमाशाचे तेल लावा, कोरडे मोजे घाला, जोडीदाराने जोडीदाराचे पाय तपासावेत. आणि सर्वांत महत्त्वाचे, तुकडीत असे रुग्ण वाढले तर त्याचा जाब अधिकाऱ्याला विचारला जाऊ लागला. ज्या क्षणी शिपायाचा पाय हा वरिष्ठाच्या नोकरीचा प्रश्न झाला त्या क्षणापासून मोजे वेळेवर पोहोचू लागले.

पेंढा आणि लोकर

हे सगळे चालू असताना बर्फात राहणारी माणसे काय घालत होती? कोकणात पावसाला जसे इरले, तसे काश्मिरात बर्फाला पुल्होर. भाताच्या पेंढ्याची दोरी वळून केलेले हे पायताण. पेंढ्याच्या पोकळ काड्यांत हवा अडकते, खडबडीत तळ बर्फावर घसरत नाही, आणि फाटले तर नवे वळायला वेळ लागत नाही. भात कापून झाले की कच्चा माल अंगणात. लडाखात पाबू: खाली जनावराच्या कातड्याचा मऊ तळ, वर पोटरीपर्यंत जाड लोकरी कापड, आत मोकळी जागा. खिळा कुठेच नाही. रशियातले वालेंकी हे नमद्याचे बूटही याच कुळातले. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोच्या वेशीवर जर्मन सैनिक मापात शिवलेल्या, खिळे मारलेल्या बुटांत उभे होते. रशियन सैनिकांच्या पायांत नमदा होता, नाहीतर आत कापड आणि कागद कोंबता येतील असे ऐसपैस बूट.

पुल्होर घालून तोफ ओढता येणार नाही, हे मला मान्य आहे. पाबू ओल्या हिमात भिजतो आणि पाठीवर वीस किलो घेऊन खडकाळ चढ चढणाऱ्याच्या घोट्याला आधार देत नाही. प्रश्न तो जोडा जसाच्या तसा उचलण्याचा नव्हता. त्यामागचे तत्त्व उचलण्याचा होता: मोकळा, लोकरी, कोरडा, लोखंडाविना. हे तत्त्व श्रीनगरच्या आणि लेहच्या बाजारात चार-दोन आण्यांना लटकत होते.

झांस्कर नदीच्या गोठलेल्या पात्रावरून, म्हणजे ‘चादरी’वरून, हिवाळ्यात ये-जा करणारे लोक आज साधे रबरी गमबूट घालताना दिसतात. मैदानातून आलेला हौशी प्रवासी महागडे चामडी बूट घालून येतो आणि त्यांच्याकडे चमकून बघतो. पण चादरीवर बर्फाच्या वर घोटाभर पाणी येते. तिथे ओल थांबवणे हे पहिले काम, आणि ते गमबूट करतो. पुल्होराकडून गमबुटाकडे आलेल्या या माणसांनी परंपरा सोडली असे मला वाटत नाही. समोरचा बर्फ पाहून जोडा निवडणे ही त्यांची परंपरा, आणि ती त्यांनी पाळली आहे.

जोझिला ते नामका चू

स्वतंत्र भारताची बर्फाशी पहिली मोठी गाठ पडली १ नोव्हेंबर १९४८ रोजी, जोझिला खिंडीत. साडेअकरा हजार फुटांवर जनरल थिमय्यांनी रणगाडे चढवले आणि खिंड घेतली. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळाले. रणगाड्यांची गोष्ट रास्त गाजली; हिमदंशाने जायबंदी झालेल्यांची तितकी गाजली नाही. डिसेंबर १९४८ मध्ये गुलमर्गला हिवाळी युद्धाची शाळा निघाली, म्हणजे धडा कुणीतरी घेतला होता. तरी चौदा वर्षांनी नेफात काय दिसले?

ब्रिगेडियर जॉन परशुराम दळवी सातव्या पायदळ ब्रिगेडचे प्रमुख होते. नामका चू नदीच्या काठी त्यांची ब्रिगेड ऑक्टोबर १९६२ मध्ये उभी होती. मागची त्सांगधारची जागा साडेचौदा हजार फुटांच्या आसपास. जवानांच्या अंगावर उन्हाळी सुती गणवेश, पांघरायला एखादी घोंगडी, अनेकांच्या पायांत कापडी बूट. विमानातून टाकलेल्या सामानातले बरेचसे दऱ्यांत गेले. तोफखान्याच्या छत्रीने उतरवलेल्या मोजक्या तोफा आणि थोडे गोळे यांवर सारी भिस्त होती. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, दोन दिवसांनी दळवी कैद झाले. १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक युद्धनीतीविषयी आहे. ते वाचताना माझे लक्ष घोंगड्यांच्या आणि बुटांच्या हिशेबाकडे जात राहिले.

यानंतरचा भाग आपल्या जिल्ह्याचा आहे. कृष्ण मेनन यांना जावे लागले आणि २१ नोव्हेंबर १९६२ रोजी यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून जपले आहे. लोकसभेत येण्यासाठी त्यांना मतदारसंघ हवा होता. १९६३ मध्ये ते नाशिकमधून बिनविरोध निवडून आले. म्हणजे बर्फात हरलेल्या फौजेला पुन्हा उभे करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांच्या मतदारसंघात आमची तोफखान्याची छावणी होती. त्याच काळात घरोघरी बाया सुया-लोकर घेऊन बसल्या आणि जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. ज्यांनी जन्मात बर्फ पाहिला नव्हता त्यांनी बर्फासाठी मोजे विणले, आणि चूक काहीच नव्हती. मोजा हा बुटाचा निम्मा भाग असतो.

हेंडरसन ब्रुक्स आणि भगत यांनी केलेल्या चौकशीचे निष्कर्ष चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ रोजी लोकसभेपुढे ठेवले. त्यातला साहित्याविषयीचा भाग मी अनेकदा वाचला आहे. साहित्याचा एकंदर तुटवडा होताच, हे त्यांनी मान्य केले. पण पुढे सांगितले की अनेकदा वस्तू देशात मुळीच नव्हती असे नाही. मैदानातल्या शेवटच्या ठाण्यापर्यंत ती पोहोचे, तिथून विमानाने, जनावरांच्या किंवा माणसांच्या पाठीवरून ती पुढच्या फळीपर्यंत वेळेत नेणे जमले नाही. शिवाय मैदानातल्या पलटणी घाईने उंच डोंगरांत चढवल्या गेल्या आणि रस्ते नव्हते.

हे विधान सरकारची बाजू सांभाळणारे आहे, असे कुणी म्हणेल. असेलही. तरी मला ते बुटांच्या इतिहासातले सर्वांत नेमके विधान वाटते. गोदामातला बूट हा बूट नसतो. जोडा पायात येतो तेव्हाच तो जोडा होतो, त्याआधी ती फक्त नोंदवहीतली संख्या असते. काबूलला झुली होत्या. नेफाच्या पायथ्याशी पेट्या होत्या. मधले अंतर हेच खरे शत्रूराष्ट्र.

हिमनदीवरचे दुहेरी बूट

बासष्टनंतर डोंगरी डिव्हिजन उभ्या राहिल्या, रस्ते झाले, कानपूरच्या संरक्षण प्रयोगशाळेत थंडीच्या पोशाखावर काम सुरू झाले. १३ एप्रिल १९८४ रोजी ऑपरेशन मेघदूत सुरू झाले आणि भारतीय जवान सियाचेनवर चढले तेव्हा पोशाखाचा विचार मोहिमेचा भाग होता. खास कपडे आणि बूट युरोपातून मागवले गेले. तिथे पारा उणे पन्नासपर्यंत उतरतो, आणि गोळीपेक्षा हवामानाने घेतलेले बळी अधिक आहेत.

अशा ठिकाणचा बूट दुहेरी असतो. बाहेर कडक प्लास्टिकचे कवच, त्याला खाली लोखंडी दातांची चौकट अडकवता येते. आत वेगळा काढता येणारा मऊ, उबदार जोडा. रात्री कवच तंबूत राहते आणि आतला जोडा माणसाबरोबर पांघरुणात जातो, म्हणजे घामाची ओल गोठत नाही आणि सकाळी पाय गार बुटात घालावा लागत नाही. ऊब आतल्या थराकडे, पकड बाहेरच्या थराकडे, आणि लोखंड पायापासून दूर. मागे सांगितलेली सगळी तत्त्वे इथे एकत्र आली आहेत. पाबूचा वारस शोधायचा तर तो या आतल्या जोड्यात सापडतो.

मग प्रश्न सुटला का? नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचा २०१९ चा सोळावा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आला. अतिउंचीवरच्या कपड्यांच्या आणि साहित्याच्या खरेदीत झालेल्या विलंबावर त्यात ताशेरे आहेत. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउपयोगी बूट जवानांना नव्याने मिळाले नाहीत आणि वापरलेलेच बूट पुन्हा दुरुस्त करून वापरावे लागले, अशी नोंद त्यात आहे. १८४२ ची चिंधी कुणी ऐकली नाही म्हणून, १९६२ ची पेटी वर चढली नाही म्हणून, आणि २०१५ चा बूट खरेदीच्या कागदांत अडकला म्हणून. कारणे वेगवेगळी, पाय तोच.

या अहवालाची एक चांगली बाजूही सांगायला हवी. काबूलच्या शिपायांचे पाय कुणी मोजले नव्हते. फ्रान्समध्ये रुग्ण मोजले गेले म्हणून मोजे आले. आता बूटच मोजले जातात, आणि त्यांचा हिशेब संसदेत जाहीरपणे मांडला जातो. ही प्रगती लहान नाही. बुटाच्या तळाइतकीच ती कुणाचा तरी तोल सांभाळते.

आपल्या पायांपुरते

दिवाळीनंतर आपल्याकडची बरीच मंडळी बर्फाकडे निघतात. कुणी गुलमर्गला, कुणी मुलाकडे टोरांटोला, कुणी नातवंडाच्या जन्मासाठी म्युनिकला. त्यांच्यासाठी हा इतिहास निरुपयोगी नाही. कुठल्या बर्फावर चालायचे ते आधी विचारा: ताजे हिम की रस्त्यावर गोठलेली काच. बूट संध्याकाळी घालून पाहा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. आणि जो मोजा घालणार तोच घालून पाहा. आत बोटे हलली पाहिजेत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, लोकरीचा ओला झाला तरी बराचसा उबदार राहतो. एक कोरडा जोड नेहमी पिशवीत असू द्या. काच-बर्फाच्या गावी बुटावर चढवता येणारे दाते तिथल्याच दुकानात घ्या.

आणि शक्य असेल तर खरेदी इथे पूर्ण करू नका. जिथे चालायचे तिथल्या माणसाच्या पायांकडे आधी बघा. पॉटिंजरने एवढेच केले होते. त्याने अफगाणांच्या पायांकडे पाहिले, त्यांनी काय गुंडाळले आहे ते पाहिले आणि आपल्या लोकांना येऊन सांगितले. बर्फातल्या बुटांविषयी आजवर जे शहाणपण गोळा झाले, त्याची सुरुवात कुठल्याही कारखान्यात झालेली दिसत नाही. ती झाली बर्फात उभ्या असलेल्या माणसाच्या पायापाशी, आणि तिथवर वाकून पाहायची तयारी ज्याच्यापाशी होती त्याच्याच ती हाती लागली.